बेंचवर तडा दिसतोय, तरी ‘सर्व ठीक’ म्हणून सही करायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी एका उघड्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे माइनिंग सरदार (शिफ्टमध्ये जागेची सुरक्षा तपासणारा प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक) आहे. प्रमाणपत्र मिळून दीड वर्ष झालं. पावसाळा लागल्यापासून ओबीच्या (कोळशावरच्या माती-दगडाच्या थराच्या) वरच्या बेंचवर, म्हणजे खोदताना ठेवलेल्या पायरीवर, माथ्याला (तिच्या वरच्या कडेला) समांतर असा एक तडा दिसतोय. बरोबर त्याच्या खाली शॉवेल (खोदून माल भरणारं यंत्र) लागलंय आणि डंपरची ये-जा चालू आहे. शिफ्टमधल्या वरिष्ठांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, ‘तडा जुना आहे, दर पावसाळ्यात पडतो. रजिस्टरला लिहिलंस तर काम बंद होईल आणि टार्गेट जाईल.’ गेले तीन दिवस मी ‘तपासणी केली, सर्व ठीक’ असं लिहून सही करतोय. घरात कमावता मी एकटा आहे. सही नाकारली तर नोकरी जाईल, केली आणि काही झालं तर मी अडकेन. शेवटी जबाबदार मॅनेजरच असतो ना? निनावी तक्रार करून मोकळं व्हावं, की सरळ नोकरीच सोडावी?

नमस्कार.

तुमच्या पत्रातले बाकीचे प्रश्न दोन दिवस थांबू शकतात, एक थांबू शकत नाही. तुम्ही हे वाचताय तेव्हाही त्या बेंचखाली शॉवेल चालू असेल, तर पुढच्या शिफ्टला गेल्या गेल्या माणसं आणि यंत्रं तिथून मागे घ्या, दोन्ही बाजूंनी रस्ता अडवा आणि मग वर कळवा. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. धोका दिसला की जागा रिकामी करून बंद करणं हे सरदाराचं स्वतःचं कर्तव्य आहे, वरून हुकूम येईपर्यंत वाट पाहणं हे नाही. तुमचं प्रमाणपत्र खाण परीक्षा मंडळाचं आहे, ठेकेदाराचं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही तो ‘सही करू की नाकारू’ असा मांडलाय आणि त्या मांडणीमुळेच तुम्ही कोंडीत सापडलाय. तिसरा रस्ता तुमच्या हातातच आहे: सही नाकारू नका, जे दिसतंय ते मापासकट लिहा आणि त्याच्याखाली सही करा. रजिस्टर त्यासाठीच आहे. सही नाकारणारा सरदार हट्टी ठरवता येतो. मोजमाप लिहून सही करणाऱ्याला तसं म्हणणं फार अवघड जातं.

पण मापं घ्यायची तर तडा नीट समजून घ्यायला हवा. ‘जुना आहे’ हे तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं कदाचित खरंही असेल. खालचा आधार खणून काढला की वरचा थर मोकळ्या बाजूला थोडा सरकतो आणि माथ्यामागे ताणाचे तडे पडतात. यात जगावेगळं काही नाही. म्हणून तडा आहे की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तो वाढतोय का, किती वेगाने वाढतोय, आत पाणी उभं राहतंय का आणि खाली पायथ्याशी काय चाललंय, हे विचारायचं. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘दर पावसाळ्यात पडतो’ या वाक्यात नाही.

उलट त्या वाक्यातला पावसाळाच काळजीचा आहे. तड्यात १ मीटर खोल पाणी उभं राहिलं, तर तड्याच्या दर मीटर लांबीमागे साधारण अर्ध्या टनाचा आडवा रेटा बसतो. ३ मीटर पाणी भरलं की हा रेटा दीड टन होत नाही, साडेचार टन होतो, कारण तो खोलीच्या वर्गाने वाढतो. तेच पाणी खाली मुरलं की सरकणाऱ्या पृष्ठभागावरचा भार उचलून धरतं आणि घर्षण कमी होतं. म्हणजे ढकलणारा जोर वाढतो आणि धरून ठेवणारा जोर घटतो, दोन्ही एकाच वेळी. उन्हाळाभर मुंगीइतकाही न हललेला तडा एका रात्रीच्या पावसाने चालू लागतो तो यामुळे. पाऊस थांबला की धोका टळला असंही नाही. मुरलेलं पाणी खालच्या थरापर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे उघडीप पडल्यानंतरही उतार खाली येतो. आणि पावसाशिवायही येतो: झारखंडमधल्या राजमहल उघड्या खाणीत ओबीचा प्रचंड मोठा भाग खाली आला आणि २३ कामगार गेले, ती तारीख २९ डिसेंबर २०१६ होती.

मापं कशी घ्यायची ते नीट सांगायला हवं, कारण इथे दोन चुका हमखास होतात. साधी पद्धत अशी: तड्याच्या दोन बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोकायची, दोन्हींच्या डोक्यावर करवतीने खाच पाडायची आणि खाचेपासून खाचेपर्यंतचं अंतर स्टीलच्या टेपने मिलिमीटरपर्यंत मोजायचं. अशा तीन जोड्या हव्यात, एक मधोमध आणि दोन टोकांकडे, कारण तडा सगळीकडे सारखा उघडत नाही. कापडी टेप ताणला जातो, तो नको. खुंटी तड्याच्या अगदी कडेला ठोकली तर कडेची माती ढासळून खुंटीच कलते आणि आकडा फसवतो. निदान अर्धा मीटर जागा सोडा. ही झाली पहिली चूक.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. पुढची खुंटी ठोकायला तडा ओलांडून माथ्याच्या बाजूला उभं राहावं लागतं, म्हणजे जो तुकडा सुटू पाहतोय नेमका त्याच्यावरच. तडा माथ्याजवळ असेल, ताजा असेल किंवा आत पाणी दिसत असेल, तर हे काम करू नका आणि हेल्परलाही करायला लावू नका. मागच्या भक्कम बाजूने, दोघांनी मिळून जा, एक जण दूर उभा राहू द्या. तड्याशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, कडेपासून कडेपर्यंतची रुंदी तीन ठिकाणी मोजा, ती ठिकाणं रंगाने खुणावून ठेवा म्हणजे उद्याचं माप त्याच जागी घेता येईल. (खाणीत मोबाइल वापरायला बंदी असेल तर खाणीचा कॅमेरा मागवून घ्या, उगाच तुमच्याविरुद्ध एक निमित्त नको.) माथ्याची हालचाल टिपणं हे सर्व्हेअरचं काम आहे. समोरच्या बाजूने टोटल स्टेशन (दुरून अंतर आणि कोन मोजणारं उपकरण) लावून, परावर्तक बसवून किंवा स्लोप रडार असेल तर त्याने ती माणूस न पाठवता मोजता येते. तशी लेखी मागणी तुम्ही करू शकता.

एका मापाला फारसा अर्थ नसतो, पाहायची असते ती वाढ. समजा रोज एकाच वेळी मोजलं आणि तीन दिवसांची वाढ ३, ३, २ मिलिमीटर आली, तर हालचाल आहे पण ती वेग घेत नाही. ३, ६, १२ अशी आली तर पुढचं माप उद्या घेण्यात अर्थ नाही, ते तासातासाला घ्यावं लागेल आणि खाली कुणीही असता कामा नये. कोसळण्याआधी उतार बहुतेकदा वेग पकडत जातो. म्हणून उतारांचे जाणकार वेगाचा व्यस्त काढतात, म्हणजे १ भागिले रोजची वाढ. या उदाहरणात तो ०.३३, ०.१७, ०.०८ येतो. हे आकडे आलेखावर मांडले की रेष शून्याकडे उतरताना दिसते आणि ती शून्याला जिथे टेकेल त्याच्या आसपास उतार सुटतो. हे समजायला पदवी लागत नाही, नियमित मापं लागतात. एक गोष्ट मात्र विसरू नका: सांध्यांनी चिरलेला कठीण खडक फारशी सूचना न देताही निसटतो. ‘वेग वाढत नाही’ याचा अर्थ ‘खाली उभं राहायला हरकत नाही’ असा कधीही घेऊ नका.

मापांबरोबर डोळ्यांना दिसणारंही लिहायचं. पायथा फुगून पुढे आलाय का? पूर्वी कोरड्या असलेल्या भिंतीतून पाणी झिरपतंय का, आणि ते गढूळ झालंय का? बारीक दगड पुन्हा पुन्हा सुटताहेत का? माथ्यावरचा मातीचा बांध एका जागी खचलाय का? पहिल्या तड्याच्या मागे दुसरा पडलाय का? दुसरा तडा म्हणजे सुटू पाहणारा तुकडा तुम्ही समजत होता त्याहून मोठा आहे, आणि मग अडवायची जागाही तेवढीच मोठी हवी. डंप (काढलेल्या माती-दगडाचा ढीग) असेल तर उताराच्या उंचीइतकं अंतर सोडलं म्हणजे पुरे असं समजू नका, ओला डंप त्याहून लांब वाहत जातो.

त्याचबरोबर मंजूर आराखड्यातली बेंच आणि जागेवरची बेंच ताडून बघा. माती, मुरूम, चिकणमाती अशा मऊ थरात बाजूचा उतार ४५ अंशांपेक्षा उभा नको, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या आणि उंचीइतक्याच रुंद पायऱ्या हव्यात. ओबीच्या डंपचा उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त नको आणि डंप ३० मीटरच्या वर गेला की त्याच्या बेंच पाडायला हव्यात. पुढे झुकलेली, खालून पोखरलेली कड कुठेच चालत नाही. माल लवकर मिळावा म्हणून शॉवेलने पायथा आत खात नेला असेल, तर तड्याचं कारण पावसाच्या आधी तिथेच शोधा.

आता नोंद. रजिस्टर बांधीव आणि पान क्रमांकांचं असतं ते पुढे कुणाला पान बदलता येऊ नये म्हणून, त्याचा उपयोग करा. ‘तडा आढळला, काळजी घेण्यास सांगितले’ असली नोंद जवळजवळ निरुपयोगी आहे: कुठे, केवढा, कुणाला सांगितलं, त्याने काय केलं, यातलं काहीच तिच्यात नाही. त्याऐवजी असं लिहा (हायवॉल म्हणजे खाणीची उंच उभी भिंत, ओव्हरमन म्हणजे सरदाराच्या वरचा पर्यवेक्षक):

‘पहिली शिफ्ट, सकाळी ५.४०. पूर्वेकडची हायवॉल, ओबी बेंच ४. माथ्यापासून सुमारे साडेतीन मीटर आत, माथ्याला समांतर तडा, लांबी सुमारे २८ मीटर. रुंदी तीन खुणांवर ३५, ४८, ४० मिमी. काल याच खुणांवर २२, ३०, २७ मिमी. तड्यात पाणी दिसते, खोली मोजता आली नाही. पायथ्याशी नवा झिरपा, पाणी गढूळ. खाली एक शॉवेल व चार डंपर होते, ५.५० वाजता सर्व मागे घेतले. दोन्ही बाजूंनी फेन्सिंग केले. ५.५२ ला ओव्हरमनना वॉकीटॉकीवर व ५.५८ ला मॅनेजरना फोनवर कळवले. सर्व्हेअरकडून माथ्याची हालचाल मोजण्याची आणि लेखी निर्णय मिळेपर्यंत ही जागा बंद ठेवण्याची विनंती.’

आकडे अर्थातच तुमचे असतील, आणि ‘काल’चं माप दुसऱ्या दिवसाच्या नोंदीपासून येईल. या नोंदीत कुणावर आरोप नाही, ‘मला भीती वाटते’ असंही नाही. पण ती वाचल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ असं कुणालाच म्हणता येणार नाही. शेवटचं वाक्य विशेष जपून लिहा, त्यात मागणी हवी. नुसती माहिती फायलीत पडून राहते. न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत १९ नोव्हेंबर २०१० ला स्फोट होऊन २९ जण गेले. चौकशी आयोगाला आढळलं की त्याआधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक पातळीला पोचल्याच्या २१ नोंदी झालेल्या होत्या. लिहिणाऱ्यांनी लिहिलं होतं, पण त्यावरून कुणी काम थांबवलं नाही. म्हणून नोंदीनंतर त्याच दिवशी मॅनेजर आणि ठेकेदार या दोघांना वेगळं पत्र द्या, सेफ्टी ऑफिसरला प्रत द्या, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर ईमेल करा.

‘शेवटी जबाबदार मॅनेजरच असतो ना?’ असतोच. मालक, एजंट (मालकाचा प्रतिनिधी) आणि मॅनेजर यांची जबाबदारी ठेकेदार आला म्हणून संपत नाही, आणि ठेकेदारही ‘मी फक्त माल उचलतो’ म्हणून सुटत नाही. पण जबाबदारी एकाकडे गेली म्हणून दुसऱ्याकडची कमी होत नाही. मॅनेजर त्याच्या कर्तव्यासाठी उत्तर देतो, तुम्ही तुमच्या तपासणीसाठी. अपघाताच्या चौकशीत पहिल्यांदा मागवलं जातं ते शेवटच्या तपासणीचं रजिस्टर, आणि त्यावर सही तुमची असते. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर सरदाराचं प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्दही होऊ शकतं.

कायदा अलीकडेच बदललाय, तेही लक्षात घ्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९५२ चा खाण कायदा तिच्यात सामावला गेला. कोल माइन्स रेग्युलेशन्स, २०१७ संहितेशी विसंगत नाहीत तिथवर चालूच आहेत. कर्तव्य न पाळल्यामुळे कुणाचा मृत्यू झाला तर संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खोटी नोंद करणं हा वेगळा गुन्हा आहे.

या संहितेतलं कलम १४ तुमच्या सगळ्यात उपयोगाचं आहे, ते मुळातून वाचा. गंभीर इजा किंवा मृत्यू ओढवेल असा धोका अगदी तोंडावर आहे अशी वाजवी शंका आली, तर कामगार ती मालकाला कळवू शकतो आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवू शकतो. धोका पटला तर मालकाने तातडीने उपाय करून अहवाल पाठवायचा. आणि पटला नाही तरी त्याने प्रकरण निरीक्षकाकडे पाठवलंच पाहिजे, धोका आहे की नाही याचा अंतिम निर्णय निरीक्षकाचा. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की वरिष्ठांशी वाद घालून जिंकण्याची गरजच नाही. ‘मला हे वाजवी कारणाने धोकादायक वाटतं, ही मापं, तुम्हाला पटत नसेल तर कलम १४ प्रमाणे निरीक्षकाकडे पाठवा’ एवढं शांतपणे, लेखी म्हणायचं.

यावरून निनावी तक्रारीचं उत्तरही मिळतं. नाव न घालता डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) विभागीय कार्यालयाला लिहिता येतं आणि काही परिस्थितीत तेच शहाणपणाचं असतं. पण ‘अमुक खाणीत सुरक्षेकडे दुर्लक्ष होतंय’ अशा पत्रावर निरीक्षकाला काही करता येत नाही. बेंच, जागा, तारीख आणि मापं घातली तर ते पत्र कामाचं होतं, आणि तेवढा तपशील घातला की लिहिणारा कोण हे खाणीत सगळ्यांना कळतं. तेव्हा निनावीपणावर फार भिस्त ठेवू नका. शिवाय निनावी पत्र तुमच्या तीन सह्यांवर काहीच उतारा ठरत नाही. एकट्याने पुढे व्हायचं नसेल तर सेफ्टी कमिटीतल्या कामगार सदस्याला किंवा वर्कमेन्स इन्स्पेक्टरला (कामगारांच्या वतीने तपासणी करणाऱ्याला) जागेवर घेऊन जा आणि दोघांच्या सह्यांची नोंद करा. १०० किंवा अधिक कामगारांच्या खाणीत सेफ्टी ऑफिसर असलाच पाहिजे, त्यालाही नेऊन तडा दाखवा.

नोकरीबद्दल तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ठेकेदाराकडच्या माणसाला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणं सोपं असतं आणि कायदा त्याच सकाळी तुमच्या मदतीला धावून येत नाही. पण धोका कमी करता येतो. नियुक्तिपत्र, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, पगाराच्या पावत्या आणि तुमच्या नोंदींच्या प्रती आजच घरी सुरक्षित ठेवा. जागा बदलली तर लेखी आदेश मागा. आवाज चढवू नका, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकू नका, तुमच्याविरुद्ध शिस्तभंगाचं कारण तुम्हीच पुरवू नका. युनियन असेल तर आधी सांगून ठेवा, नंतर नाही.

आणि मॅनेजरसमोर जाताना फक्त ‘बंद करा’ घेऊन जाऊ नका. ‘काम बंद’ याचा अर्थ क्वचितच संपूर्ण खाण बंद असा असतो, बहुतेक वेळा त्या तोंडाचा (खोदकाम चालू असलेल्या जागेचा) काही मीटरचा पट्टा असतो. शॉवेल दुसऱ्या कोणत्या तोंडावर नेता येईल, डंपर कुठून वळवता येतील, हे त्या खाणीत रोज फिरणाऱ्या तुम्हाला इतरांपेक्षा चांगलं माहीत असतं. ते सुचवा. तड्याकडे येणारं पावसाचं पाणी मागे नाली काढून वळवता येतं, भक्कम बाजूने पोचता येत असेल तर तडा चिकणमातीने बुजवून वरून ताडपत्री टाकता येते. वरचा भार मागून, वरून खाली असा उतरवणं हा खरा उपाय, पण तो सर्व्हे आणि उताराच्या जाणकाराच्या लेखी सल्ल्यानंतरच. एकच सुचवणी कुणी केली तर ठाम नकार द्या: ‘खालून शॉवेलने पाय काप, आपोआप उतरेल.’ ते उतरतं, आणि उतरताना खाली शॉवेल ऑपरेटर असतो.

नोकरी सोडण्याबद्दल: खोटं लिहिण्याचा दबाव रोजचाच होणार असेल तर सोडणं हा पळपुटेपणा नाही. पण नोंद न करता सोडलीत, तर तुमच्या जागी येणाऱ्या सरदाराला रजिस्टरमध्ये ‘सर्व ठीक’ची तीन पानं मिळतील आणि तोही त्यांच्यावर विश्वास ठेवेल. सोडायची असेल तर नोंद करून सोडा.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी जोखीम-नोंदवहीबद्दलही लिहायला हवं. कोळसा खाणीला सुरक्षा व्यवस्थापन आराखडा ठेवावा लागतो, त्यात प्रत्येक धोक्यासमोर शक्यता आणि परिणाम यांना गुण देऊन गुणाकार करतात. परिणामाच्या रकान्यात सहसा कुणी हात घालत नाही, मृत्यू म्हणजे ५. खेळ होतो तो शक्यतेच्या रकान्यात. ‘आपल्याकडे आजवर पडलं नाही’ म्हणून तिथे १ घालतात आणि २५ पैकी ५ आले की धोका हिरव्या रंगात जातो. आजवर पडलं नाही हा पुरावा नाही. तडा, पाणी, पायथ्याचा फुगवटा, वाढत्या रुंदीची मापं हा पुरावा आहे, आणि तो हातात आला की तो रकाना त्याच दिवशी बदलायला हवा. तशी मागणी सेफ्टी कमिटीच्या बैठकीत करा आणि इतिवृत्तात येईल असं बघा. उपायांचा रकानाही तपासा: हायवॉल कोसळण्यासमोर ‘हेल्मेट, टूलबॉक्स टॉक (कामाआधीची छोटी सुरक्षा-चर्चा), सूचनाफलक’ एवढंच लिहिलं असेल तर तिथे उपायच नाही. उतार बदलणं, पाणी काढणं, माणसाला खाली उभं राहू न देणं आणि कोणत्या मापाला काम थांबवायचं ते आधी ठरवून ठेवणं, हे उपाय. ते आकडे त्याच उतारासाठी जाणकाराकडून ठरवून घ्यायचे, दुसऱ्या खाणीच्या कागदावरून उतरवायचे नाहीत.

भूमिगत खाणीतल्या सरदारांनाही हीच रीत लागू. तिथे तड्याच्या जागी छताचा आवाज, टेकूंवरचा भार किंवा गॅस असतो. मिथेन सव्वा टक्क्याला पोचला की वीज तोडून माणसं मागे घ्यायची, आणि परतीच्या (खाणीतून बाहेर जाणाऱ्या) हवेत पाऊण टक्क्याच्या वर गेला की वायुवीजन नियमाबाहेर गेलंय असं समजायचं. नोंदीत जागा, वेळ, आकडा आणि केलेली कृती हे चारही हवंच.

राहता राहिल्या तुमच्या तीन सह्या. त्या नोंदींना हात लावू नका. खाडाखोड नको, मधल्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात भर नको, मागच्या तारखेने काही लिहिणं तर अजिबात नको. त्यातलं काहीही केलंत की चूक लपवल्याचा पुरावा तुम्हीच तयार करता. त्याऐवजी आजच्या तारखेच्या नोंदीत, मापांच्या खाली लिहा: ‘मागील तीन दिवसांच्या माझ्या नोंदींत या तड्याचा उल्लेख नाही. तडा तेव्हाही दिसत होता व मी तो तोंडी कळवला होता, पण रुंदी मोजली नव्हती.’ ही कबुली आहे आणि तिचा जाब विचारला जाऊ शकतो, म्हणून शक्य असेल तर लिहिण्याआधी युनियनच्या माणसाशी किंवा कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोला. मात्र त्या भेटीची वाट पाहत आजची मापं आणि फेन्सिंग थांबवू नका. आधी तडा लिहा, मागच्या तीन दिवसांचं हे वाक्य उद्या आलं तरी चालेल. सहीखाली वेळ घाला, ओव्हरमनची सही मागा, ते देत नसतील तर ‘दाखवले, सही दिली नाही’ असं लिहा, आणि पुढचं माप किती वाजता घेणार तेही त्याच पानावर लिहून ठेवा.